मिठाच्या पाण्यातले दोन थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे अंडीताई म्हणत. ज्याने हे नाव ठेवलं तो नोकरी सोडून कधीच गेला, नाव मात्र मागे राहिलं, आणि तिलाही त्याचं वावगं वाटत नसे. दोन दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं फोडायचं, बलकावरचा नखाएवढा गर्भ कातरून उचलायचा, त्याला चिकटलेला बलक धुऊन काढायचा आणि बशीत ठेवून ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची, हे काम ती सतरा वर्षं करत होती. मोठमोठ्या पदव्यावाले यायचे, चार गर्भ फाडायचे आणि मग नाक मुठीत धरून तिच्यापाशी यायचे.

प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागले होते. वाढत्या गर्भात काही पेशी पाठीच्या मधल्या रेषेवरून निघतात आणि दूर दूर जाऊन कुठे मज्जातंतू, कुठे जबड्याचं हाड, कुठे पिसांचा रंग तयार करतात. त्यांना वाट कोण दाखवतं? बहुतेकांचं म्हणणं असं, की पेशींच्या मधल्या जागेत प्रथिनांच्या तंतूंचं जाळं असतं. पेशी स्वतःच ते विणतात आणि त्याला धरूनच पुढे सरकतात. सरांना हे पटत नसे. पेशी स्वतःच्या अकलेने चालते, जाळं म्हणजे नुसतं भरताड, असं ते पंधरा वर्षं सांगत आले होते. आणि यंदा त्यांच्या हाती फिल्म लागली होती. तिच्यात रंगवलेल्या पेशी वाटेल तिकडे भटकत होत्या, रांग नाही की दिशा नाही. सर खुशीत होते. शोधनिबंध लिहून तयार होता.

अंडीताईचा मात्र त्या फिल्मवर विश्वास नव्हता. गेल्या वर्षी घाई होती म्हणून सरांनी धुण्याच्या मिठाच्या पाण्यात एन्झाइमचे दोन थेंब घालायला सांगितले होते. अर्ध्या तासाचं धुणं तीन मिनिटांत होऊ लागलं. सगळ्यांना बरं वाटलं, तिलाही. मग एकदा ती बाटली संपली, म्हणून तिने जुन्या पद्धतीने नुसत्या मिठाच्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने बलक सोडवला. त्या गर्भातल्या पेशी सरळ रांगेने गेल्या. एन्झाइम प्रथिनं खातं. बलकाचं प्रथिन कुठलं आणि जाळ्याचं कुठलं, हे त्याला कोण सांगणार? नवी बाटली आल्यावर तिने अकरा गर्भ थेंब घालून धुतले आणि अकरा गर्भ थेंब न घालता. पहिल्या अकरांतल्या पेशी भरकटल्या, दुसऱ्या अकरांतल्या रांगेत गेल्या. थेंब वर्षभर तिच्याच हातून पडले होते, हे तिला फार लागलं.

तिने सरांना सांगितलं. इतक्या सौम्य थेंबांनी काही होत नाही, असं म्हणून त्यांनी विषय झटकला. निबंधात आणि प्रयोगाच्या वहीतही त्यांनी जुनाच मजकूर उतरवला होता: गर्भ मिठाच्या पाण्याने धुतले. थेंबांचं नावही नव्हतं. आता अडलं होतं ते तिच्या सहीपाशी. गर्भ ज्याने तयार केला त्याने वहीच्या पानावर सही केल्याशिवाय निबंध बाहेर पाठवायचा नाही, असा तिथला नियम होता; वहीतलं काही खोडलं तर खोडणाऱ्यानेही शेजारी सही करायची. आणि तिच्या नोकरीचा करार दर वर्षी सर वाढवत. यंदाची मुदत महिनाअखेरीला संपत होती.

तिचा नवरा शिंपी. त्याने जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तिने उलट विचारलं, की कापड चुकीचं बेतलं गेलं तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता.

"कापड आटलं म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तूही तसंच काहीतरी सांग."

"तुमचा सदरा एक माणूस घालतो, अहो. हा निबंध वाचून दहा ठिकाणची माणसं वर्षानुवर्षं आंधळी कोशिंबीर खेळतील."

तिच्या ताटात त्याने गरम पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर वही उघडी होती. सहीआधी तिने थेंब घातलेल्या आणि न घातलेल्या गर्भांच्या दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि पाहाच म्हणून हट्ट धरला. सरांनी पाहिल्या. दुसरी त्यांनी दोनदा पाहिली.

"अकरा अंड्यांसाठी मी पंधरा वर्षं पाण्यात घालू?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमची पंधरा, माझी सतरा."

"ताई, तुमचा करार माझ्या हातात आहे."

"ठाऊक आहे. अंडं फोडणारा हात माझा आहे."

तिने पेन घेतलं. मिठाच्या पाण्याच्या ओळीखाली जागा होती, तिथे तिने सावकाश, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: या पाण्यात एन्झाइमचे दोन थेंब मी घातले. त्याने जाळं विरघळलं. थेंब न घातलेल्या अकरा गर्भांत पेशी रांगेने गेल्या. आणि त्याखाली सही केली, तारखेसकट.

सरांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, मग तापला.

"हे खोडा."

तिला भीती वाटत होती. महिनाअखेर डोळ्यांसमोर दिसत होती, घर दिसत होतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हातांची लाज वाटत नव्हती. तिने पेनाला टोपण लावलं आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

"तुम्हीच खोडा, सर. फक्त खोडल्याच्या शेजारी तुमची सही लागेल."