धड मुरुडात, दांडा गावात

मित्रांनो, मी शेवयांची मशीन आहे. अशा वेळी 'जुनी' म्हणायची रीत आहे, पण त्या शब्दाला माझी हरकत आहे. जुनी होते ती चप्पल, शिळी होते ती भाकरी. मी लोखंडाची आहे, आणि लोखंड एकतर चालतं, नाहीतर गंजतं. म्हातारं व्हायची सोय त्याला नाही. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, हाजराबीच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर मी बसते. मला तोंड आहे, पोट आहे, पोटात मळसूत्र आहे, नाकापुढे बारीक भोकांची पितळी जाळी आहे. हात मात्र नाही. हात हरवलेला नाही, बरं का. तो गावाला असतो.

ही भानगड सुरुवातीपासूनच सांगते.

लातूरच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथं उसाच्या चरकाचे दात ओतत. त्यातून उरलेल्या लोखंडाची मी. म्हणून चरकाचा हट्ट माझ्या अंगात उतरलाय. एकदा तोंडात घेतलं की पिळल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी ऊन एवढं होतं की भट्टीसुद्धा उठून लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. खोटं वाटत असेल तर लातूरचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही.

तिथून मी मुरुडच्या आठवडी बाजारात आले. एका भांडेवाल्याच्या गोणपाटावर बसले असताना दोन हात एकदम माझ्यावर पडले. एक हात बांगड्यांच्या दुकानातल्या नव्या सुनेचा, म्हणजे हाजराबीचा. दुसरा शेषेराव पाटलाच्या नव्या बायकोचा, साखराबाईचा. ती ओढ्यापलीकडच्या गावाहून बाजाराला आली होती. दोघींची ओळख नव्हती. दोघींना मी हवी होते आणि मशीन उरली होती एकच. ही म्हणे मी आधी धरली, ती म्हणे मी आधी पाहिली. ऊन कललं, शेजारची दुकानं उठली, तरी दोघींचे हात सुटेनात. भांडेवाला वैतागला. त्यानं नट फिरवून माझा दांडा काढला आणि टोमणा मारला, "एकीनं धड न्या, एकीनं दांडा न्या, अन् मला घरला जाऊ द्या."

टोमणा होता हो तो. पण या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि खरंच तसं केलं.

तेव्हापासून माझं धड मुरुडात आणि दांडा गावात. एकीला दुसरीवाचून शेवई काढता येत नाही. रमजान ईद जवळ आली की साखराबाई यायची. कमरेला खोचलेला दांडा, एका हातात घरच्या गव्हाच्या रव्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात काळ्या तिखटाचा पितळी डबा. ते तिखट ती स्वतः भाजून, कांडून करायची. डब्याचं झाकण उघडलं की अख्ख्या गल्लीला शिंक यायची. मग एक दांडा फिरवायची, एक माझ्या तोंडात पिठाचे गोळे द्यायची. तोंडाची कामं मात्र दोघी मिळून करायच्या. सासू, जाऊ, नणंद, कुणीही त्यातून सुटलं नाही. उन्हाळ्यात मी गावाला जायची आणि साखराबाईच्या वर्षाच्या शेवया निघायच्या.

माझी शेवई कशी होती म्हणता? एकदा शेषेरावांचा बैल चुकला. पाटील शोधायला निघाले ते माझ्या वाळत घातलेल्या शेवईचं एक टोक बोटाला गुंडाळून. शिवारभर फिरले, बैल घेऊन त्याच शेवईच्या मागानं घरी आले, आणि शेवई कुठं तुटली नव्हती. शिरूर अनंतपाळला साखराबाईची बहीण होती, तिला दरसाल एक पिशवी जायची. हाजराबीचे भाऊ मुनीब किनवटला मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते, त्यांना एक पार्सल जायचं. किनवटच्या जंगलातलं एक अस्वल म्हणे त्या पार्सलाची वाट पाहत रुळाशेजारी बसायचं. हे मला पार्सलाच्या सुतळीनं सांगितलं. सुतळीच्या अंगात पीळ असतो, तेव्हा त्यातलं अर्धं सोडून द्या. उरलेलं अर्धं अस्वलसुद्धा पुरेसं आहे.

आता गल्लीच्या तोंडाशी विजेची मशीन आली. दुकानात पाकिटं आली. लोक मला म्हणाले, आता आराम कर. मी कुणाकडं आराम मागितला होता? आराम म्हणजे फळीवरची धूळ. पण त्या धुळीनंही माझं काही बिघडलं नसतं. बिघडवलं ते एका चकचकीत डब्यानं.

हाजराबीचा मुलगा नासिर. मोटारी वाइंडिंग करायचं त्याचं दुकान आहे. गेल्या साली त्याचं लग्न झालं आणि नांदेडहून जेबा सून म्हणून आली. गुणी पोरगी. तिचा दोष एकच, तिला घाण पाहवत नाही. एका दुपारी साखराबाईचा मुलगा वैजनाथ मोटारसायकलवर आला. आईचा तिखटाचा डबा राहिलाय, म्हणाला. हाजराबी घरी नव्हती. जेबानं डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला, फडक्यानं पुसला आणि आरशासारखा करून त्याच्या हातात दिला.

रिकामा.

मी फळीवरून पाहत होते, मित्रांनो. या मुलखात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात, मिठाचा खडा टाकतात. रिकामं भांडं देणं म्हणजे उद्यापासून येऊ नका असं सांगणं. मी जीव तोडून ओरडले. पण माझ्या तोंडातून शेवयाच निघतात, शब्द निघत नाहीत. त्यात पोटात पीठही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मला गावाहून बोलावणं आलं नाही. पुढं रमजान लागला, साखराबाई आली नाही. बाजारात हाजराबीनं वैजनाथला गाठून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आई म्हंती, तुमच्याकडं आता तयार भेटत्यात की, मावशी." हाजराबी घरी आली आणि त्या दिवशी तिनं कुणालाच एकही टोमणा मारला नाही. घर घाबरलं. एवढ्या वर्षांचा जीव लावलेला, आणि काय चुकलं तेच तिला कळेना. साखराला विचारायला जायचं, तर मान आडवा यायचा.

नासिरला आईचं हे तोंड पाहवेना. तो म्हणाला, "एका दांड्यापायी किती दिवस झुरून राहायचं, अम्मी? दुकानात मोटार पडून हाय, मी बसवतो. न्हाई चालली तर ही देऊ भंगारात अन् गल्लीतून शेवया काढून आणू."

"मोटार बसव, न्हाई तर इंजन बसव," हाजराबी म्हणाली. "मला काही विचारू नक्को."

म्हणजे माझं मरण आणि माझी बेइज्जती, दोन्ही एका वाक्यात ठरली. चालले तर साखराबाईची गरज संपली. नाही चालले तर भंगार. तुम्ही काय केलं असतं? मी ठरवलं की भंगार परवडलं. दोघींच्या हातानं फिरलेली मी, पट्ट्यानं फिरणार नाही.

नासिरनं पट्टा चढवला, जेबानं गोळा तोंडात दिला, बटण दाबलं. आणि मी जी सुटले! पहिली शेवई खिडकीतून बाहेर गेली आणि शेजाऱ्यांच्या शेळीला दावं बांधून पुढं निघाली. दुसरी केबलच्या तारेवर चढली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर शेवया दिसायला लागल्या आणि एका आजींनी पडद्याला हात लावून मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. तिसरी लातूरच्या एसटीच्या आरशाला अडकली. ती उलगडत पार लातूर स्टँडपर्यंत गेली, आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं. मग मी पाय रोवले, मळसूत्र आवळलं आणि पट्टा काडकन तोडला. नासिर सांगतो की पीठ सैल होतं म्हणून आत गोळा झाला आणि पट्टा घसरला. नासिर माझा गुणी मुलगा आहे, पण त्याला गोष्ट सांगता येत नाही.

भिंतीवरचं पीठ पुसता पुसता जेबानं विचारलं, साखरा मावशींना राग आला तरी कशाचा? हाजराबी आठवून आठवून सांगायला लागली. शेवटचं काय झालं होतं, तर तिचा डबा राहिला होता.

"तो तर मी दिला, अम्मी. घासून, वाळवून दिला. चकचकीत."

हाजराबीचा हात थांबला. "आत काय घातलं होतंस?"

"आत? आत कशाला काय?"

हाजराबी तिथंच भिंतीला टेकून बसली. रागावली नाही. जेबाच्या घरी नांदेडला चौथ्या मजल्यावर कोण कुणाचा डबा आणतं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं समजावून सांगितलं तेव्हा जेबाचं तोंड उतरलं. पण ही पोरगी रडत बसणारी नव्हती. तिनं पदर खोचला, म्हणाली, मी जाते. नासिर म्हणाला, फोन कर. "डबा फोनवरून रिकामा दिला होता काय?" असं म्हणून तिनं मलाच फळीवरून उचललं. दांडा मागायला धड घेऊन जाते म्हणाली.

तेवढ्यात हाजराबी उठली. शीरखुर्म्यासाठी आणलेल्या खारका, खोबरं, चारोळी तिनं माझ्या तोंडात ठासून भरली आणि वर फडकं बांधलं. "आता बी रिकामी नक्को जाऊस," म्हणाली. ती सुनेला म्हणाली की मला, ते मी अजून ठरवलेलं नाही.

नासिरच्या गाडीवर, जेबाच्या मांडीवर बसून मी ओढा ओलांडला. साखराबाई अंगणात मिरच्यांची देठं मोडत होती. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "ही कशाला आणली? डबा घासून रिकामा धाडला, आमची घाण नको होती ना घरात?"

"मावशी, डबा अम्मीनं न्हाई, मी दिला," जेबा म्हणाली. "मला रीत म्हाईत नव्हती. अम्मीला तर आज कळलं. राग माझ्यावर धरा, तिच्यावर नको."

साखराबाई देठं मोडतच राहिली. मग हळूच तिनं माझ्या तोंडावरचं फडकं सोडलं, आत हात घातला. एक खारीक काढून दाबून पाहिली.

"हाजरीनं बाजारातली सगळ्यात स्वस्त खारीक घेतली वाटतं," ती म्हणाली. आणि मित्रांनो, मला कळलं की काम झालं. परक्या माणसाच्या खारकेला ती बाई कधी नाव ठेवत नाही.

खारीक तोंडाशी नेली आणि थांबली. "तुझा रोजा असंल." जेबानं मान हलवली. साखराबाईनं खारीक पदरात बांधली. "मग मी बी सांजच्यालाच खाते. तुझ्याम्होरं कशी खाऊ?"

मग ती आत गेली आणि माझा दांडा घेऊन आली. मी नीट पाहिलं. वर्षभर रागात पडलेल्या दांड्यावर गंज चढायला हवा होता. पण त्याच्यावर करडईच्या तेलाची चकाकी होती. पुढं दांड्यानंच मला सांगितलं. रिकामा डबा आला त्या दिवशी साखराबाईनं तो उलटा केला, तळाशी थाप मारून पाहिली, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. पण दर अमावास्येला ती दांड्याला तेल लावत राहिली. पुसायची, परत गुंडाळून ठेवायची, आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून दाराकडं बघायची.

जेबानं हात पुढं केला. साखराबाईनं दांडा मागं घेतला.

"दांडा भेटायचा न्हाई. दांडा माझ्यासंगं येतो. सरक, मला बी गाडीवर बसू दे."

त्या दिवशी हाजराबीच्या घरी काय झालं ते थोडक्यात सांगते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. साखराबाई भिंतीवरचं पीठ बघून म्हणाली, रंग कुणी दिला? हाजराबी म्हणाली, माझ्या पोरानं, तुझ्या पोराला तर चुना बी देता येत न्हाई. मग दांडा बसला, नट आवळला, आणि मी अशी फिरले की पोटातलं मळसूत्र गाणं म्हणत होतं. तिसऱ्या जागी जेबा होती, शेवया झेलायला. साखराबाईनं संगं आणलेला पितळी डबा परत जाताना जेबानंच शेवयांनी भरला. एवढा दाबून भरला की झाकण लावायला नासिरला त्यावर बसावं लागलं.

नासिर म्हणाला, आता दांडा इथंच राहू द्या, परत भानगड नको. दोघी एकदमच नाही म्हणाल्या. धड मुरुडात राहिलं, दांडा गावाला गेला.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, मला पुसा, काचेच्या कपाटात ठेवा, असलं काही मी मागणार नाही. कपाटात ठेवाल तर काच फोडीन. तुमच्या घरात एखादी कामाची चीज असली तर तिचा अर्धा भाग शेजारणीकडं ठेवून बघा. आणि तिचा डबा आला, तर घासा खुशाल, पण काहीतरी घालून परत द्या. मग यंत्राला तेल घालायची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

परवा भंगारवाला दारात आला. मला बघून भाव सांगायला लागला. हाजराबी म्हणाली, "ही अर्धीच हाय. उरलेली अर्धी साखराकडं. तिला विचारून ये." तो ओढा ओलांडून गावाला गेला. साखराबाई म्हणाली, "दांडा देते की. पण आधी धडाचं हाजरीला विचारून ये."

तो बिचारा अजून मुरुड अन् गाव, गाव अन् मुरुड करून राहिलाय.