उद्याचं गाणं

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्याला सगळे ढोलक्या म्हणायचे, कारण हाताला लागेल ते तो वाजवायचा. धुलाई मशीनचं झाकण, साबणाचे रिकामे डबे, कधी समोरच्याची पाठसुद्धा. तो तिथला मुकादम होता. पोट सुटलं होतं, डोक्यावर चंद्र उगवला होता, पण जुन्या रॉक संगीताचा विषय निघाला की कॉलेजातल्या पोरासारखा हातवारे करत बोलायचा. हे वेड बापाकडून आलेलं. बाप गेला आणि मागे कॅसेटींचा एक डोंगर ठेवून गेला.

दुपारच्या चहाला मशीन थांबायच्या. दिवसभराच्या घरघरीनंतर ती शांतता कानाला टोचायची. तेव्हा ढोलक्या कपाटावरचा छोटा स्पीकर काढायचा आणि जाहीर करायचा, "आजचं गाणं!" रोज एक, त्याच्या आवडीतलं. आधी त्या गाण्याची थोडी माहिती, मग गाणं, आणि मग सगळ्यांच्या तोंडाकडे आशेने बघणं.

"हे गाणं आहे की रोलरमध्ये चमचा अडकलाय?" लांबडी विचारायची. ती रोलरमधून इस्त्री होऊन येणाऱ्या चादरींच्या घड्या घालायची आणि तिची उंची पाहता ते नाव तिला का ठेवलं हे शोधायची गरज नव्हती.

"गिटार आहे ती."

"मग तिला कुणीतरी सोडवा."

बॉयलरवाला मिशीतल्या मिशीत हसायचा. हळूहळू मात्र सगळ्यांना सवय लागली. ढोलक्या एखाद दिवशी विसरला तर लांबडीच ओरडायची, "अहो, आज चमचा नाही का?"

लांबडीच्या समोर, चादरीचं दुसरं टोक धरून आत्या उभी असायची. ती ढोलक्याची सख्खी आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि कामाला कधी उशीर करायची नाही. गाणं चालू असताना ती बशीत चहा ओतून फुंकर घालत बसायची. आवडलं असंही म्हणायची नाही, नाही आवडलं असंही नाही.

ती गुणगुणते हे आधी लांबडीच्या लक्षात आलं. संध्याकाळी काम संपलं की आत्या बाकावर बसून चपलांचे पट्टे लावायची आणि तेव्हा तिच्या नाकातून एक सूर यायचा.

"आत्यांना लागण झाली," लांबडी ढोलक्याला म्हणाली. "काल जाताना गुणगुणत होत्या ना, तेच गाणं तुम्ही आज लावलंत."

"आजचं गाणं काल कसं गुणगुणेल?"

"ते मला काय माहीत? चमच्याचा आवाज मी विसरत नाही."

ढोलक्याने हसून सोडून दिलं. त्या संध्याकाळी मात्र तो बाकाजवळ चादरी मोजायचं सोंग करत थांबला. आत्या चपला घालत होती. सूर आला आणि ढोलक्याच्या अंगावर काटा उभा राहिला. गायक येण्याआधी ऑर्गन हळूहळू चढत जातो, ती चढण होती. दुसऱ्या दिवशी तेच गाणं लावायचं त्याने ठरवलं होतं आणि अजून कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

"आत्या, काय गुणगुणतेस?"

"मी? मी कुठे गुणगुणते?" ती खरोखरच गोंधळली.

ढोलक्याने स्वतःची समजूत घातली. गाणी सगळी बापाच्या कॅसेटींमधली. बाप आणि आत्या एका घरात वाढले. भावाची गाणी भिंतीपलीकडून ऐकून तिच्या डोक्यात बसली असतील, त्यातलंच एखादं ओठांवर येतं आणि योगायोगाने जुळतं. त्याने हे बॉयलरवाल्याला सांगितलं.

"मग उद्या मी निवडतो," बॉयलरवाला म्हणाला. "तुझ्या बापाकडे नसलेलं. ते पण ऐन चहाच्या वेळी, डोळे मिटून."

त्या संध्याकाळी आत्याने एक संथ, खर्जातली चाल गुणगुणली. ढोलक्याला ती ओळखता आली नाही, म्हणून त्याला जरा बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी चहाला बॉयलरवाल्याने ढोलक्याच्या मोबाइलवर नव्या गाण्यांची यादी काढली, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि एका जागी टेकवला. स्पीकरमधून खर्जातली गिटार आली. तीच चाल. लांबडीच्या हातातला कप तसाच राहिला. आत्या बशीवर फुंकर घालत होती.

"योगायोग," बॉयलरवाला म्हणाला, पण हसला नाही.

योगायोग म्हणायची सोयसुद्धा पुढच्याच आठवड्यात गेली. एका संध्याकाळी आत्या गुणगुणता गुणगुणता मध्येच थांबली. ऐन वरच्या सुरावर असताना चूप झाली, थोडा वेळ तशीच बसली, मग शेवटाकडचा थोडासा भाग गुणगुणून उठली. दुसऱ्या दिवशी गाणं रंगात आलेलं असताना वीज गेली. स्पीकर विजेवरचा, तो बंद पडला. ढोलक्या धावत मोबाइल घेऊन आला आणि आत मुकाट पुढे सरकत राहिलेलं गाणं त्याने मोबाइलच्याच आवाजात सुरू केलं, तोवर शेवट आला होता. तुटलं तेही त्याच सुरावर, आणि पुन्हा जोडलं तेही त्याच जागी.

तळघरातल्या बॅटरीवरच्या अंधुक दिव्यात तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे ती गाणं नाही गुणगुणत," ढोलक्या हळूच म्हणाला. "उद्या तिच्या कानावर जे पडणार आहे, ते गुणगुणते."

"आत्यांना सांगायचं का?" लांबडीने विचारलं.

"काय सांगणार? बिचारी घाबरून जाईल."

कुणी सांगितलं नाही. माणूस कशालाही सरावतो. काही दिवसांनी भीतीची धार बोथट झाली आणि तिघांची त्यात गंमतच सुरू झाली. लांबडी संध्याकाळी कान लावून बसायची आणि सकाळी येऊन सांगायची, "आज आरडाओरडा आहे, चहा आधी पिऊन घ्या." ढोलक्या मुद्दाम बेत बदलायचा, ठरवलेलं गाणं सोडून भलतंच लावायचा. निघायचं तेच. एकदा तर त्याला वाटलं की गाणी आपण निवडतच नाही, आत्या निवडते आणि आपण नुसते हमाल. तो विचार त्याला आवडला नाही. त्याने तो झटकून टाकला.

मग ती संध्याकाळ आली.

आत्या बाकावर बसली, वाकली, पट्टा ओढला. ओठ मिटलेले होते आणि गळा नेहमीसारखा हलत होता. सूर मात्र आला नाही. नुसता श्वास येत जात होता, गाणं म्हणताना जसा मध्ये मध्ये घेतात तसा, चालीत. पाय फरशीवर ठेका धरत होता. कुठलं तरी गाणं पूर्ण चाललं होतं, फक्त त्याला आवाज नव्हता. लांबडीने ढोलक्याचं मनगट घट्ट धरलं.

आत्या उठली. "येते रे," म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

"उद्या काही नाही," लांबडी म्हणाली. "उद्या आपण कुणी नाही."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"बॉयलर फुटणार," बॉयलरवाला म्हणाला. "मी उद्या पेटवत नाही. नोकरी गेली तरी चालेल."

तिघे बराच वेळ वाद घालत राहिले. शेवटी ढोलक्याला एक युक्ती सुचली आणि ती इतकी सोपी होती की सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "गाणं ऐकू येणार नाही एवढंच ना? मग मी लावतच नाही! स्पीकर आजच घरी घेऊन जातो. तिचंही खरं होईल आणि कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"हे बरंय," लांबडी म्हणाली. बॉयलरवाल्याने तरी जाताना प्रत्येक झडप पुन्हा तपासली.

सकाळी ढोलक्या रिकाम्या हाताने आला. मशीन सुरू झाल्या, रोलर गरगरायला लागला, वाफ सुटली. नेहमीसारखाच इतका गोंगाट, की शेजारच्याशीसुद्धा कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. आत्या कधी नव्हे ती थोडी उशिरा आली. रोलरमधून बाहेर येणाऱ्या चादरीचं टोक तिने धरलं, लांबडीने दुसरं. दोन-तीन चादरी झाल्यावर आत्याने मान वर करून भोवताली पाहिलं आणि कौतुकाने ढोलक्याला हाक मारली.

"तेल घातलंस वाटतं रे सगळ्यांना? काय गुपचूप चालतंय आज!"

ती मोठ्याने बोलली होती, स्वतःचा आवाज न कळणारा माणूस बोलतो तसं. लांबडीच्या हातून चादर सुटली.

"आत्या!" ढोलक्या ओरडला.

ती रोलरकडे बघत होती. तो तिच्या मागे जाऊन पुन्हा ओरडला. ती वळली नाही. त्याने खांद्याला हात लावला तशी दचकली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारू लागली, "काय म्हणतोस? जोरात बोल ना. अरे, माझ्याच कानांना दडे बसलेत वाटतं. सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं ना, त्याने असेल."

तो तिला तसाच रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. असं अचानक होतं, त्या म्हणाल्या, कारण दर वेळी सापडत नाही. कधी ऐकू परत येतं, कधी नाही.

आत्याचं परत आलं नाही.

रडून भागत नाही म्हणून महिन्याभरात ती कामावर आली. घड्या घालायला कान लागत नाहीत. बोलायचं असलं की ढोलक्या मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचा. गाणं त्याने बंद केलं होतं. बापाच्या कॅसेटींकडे त्याला बघवेना. त्या संध्याकाळी आपण बॉयलर तपासला, झडपा तपासल्या, एकमेकांचे चेहरे तपासले, हे त्याला राहून राहून आठवे. तिच्या कानांचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. आला असता तरी काय करता आलं असतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एक दिवस चहाच्या वेळी आत्याच चिडली. "गाणं का बंद केलंस? सगळे नुसते सुतकी तोंडं करून बसतात. मला ऐकू येत नाही, दिसतं."

त्याने दुसऱ्या दिवशी स्पीकर आणला. आत्याने त्यावर तळवा ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. "हे जोरदार होतं," ती म्हणाली. लांबडी तोंड फिरवून डोळे पुसत राहिली.

त्याच संध्याकाळी बाकावर सूर आला. स्पष्ट, नाकातून, पूर्वीसारखा.

ढोलक्याने दुसऱ्या दिवशी श्वास रोखून गाणं लावलं. जुळलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मोबाइलमध्ये गुणगुणलेली चाल ओळखणारी सोय असते, तीही त्याने वापरून पाहिली. मोबाइलला काही सापडलं नाही. ठेका रॉकचाच होता आणि गिटारही कळत होती, पण असं गाणं बापाच्या कॅसेटींत नव्हतं, कुठेच नव्हतं. आणि रोज तेच एक गाणं होतं, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त.

"शोधू नकोस," बॉयलरवाला म्हणाला. "इथलं काही आता तिच्या कानावर पडणार नाही. सापडलं तर काय करशील?"

रविवारी ढोलक्या आत्याच्या घरी गेला. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि ती तांदूळ निवडत होती. त्याने मोबाइलवर लिहिलं, 'तुला डोक्यात काही ऐकू येतं का?'

तिने चष्मा वर करून वाचलं. "येतं ना," ती सहज म्हणाली. "संध्याकाळी येतं. कुणीतरी वाजवतं."

'कोण?'

"मी कुठे पाहिलंय? पण हात चांगला आहे. तुझ्यासारखी नुसती बडवाबडवी नाही." ती हसली. मग तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आधी फार लांबून यायचं. रस्त्याच्या टोकाला कुणी वाजवत असावं ना, तसं. आता त्या खोलीतून आल्यासारखं वाटतं."

तिने बोट दाखवलं ती बाहेरची खोली होती. तिथे एक जुना पलंग होता, एक खुर्ची होती. दुसरं काही नव्हतं. ढोलक्याने वळून पाहिलं. पडदा स्थिर होता.

'भीती वाटत नाही?'

"गाण्याची कसली भीती?" आत्या म्हणाली. "एकटी असते मी घरात. तेवढीच सोबत."

त्याने मोबाइल खिशात टाकला. उठला, बाहेरच्या खोलीत गेला, खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. बसताना त्या जागी आधीपासून कुणी बसलेलं असावं असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच तो मुद्दाम परत बसला.

दुपारी घरी जाऊन त्याने आपली गादी, दोन कपडे आणि दाढीचं सामान घेतलं आणि रिक्षात टाकलं. बायकोला म्हणाला, "आत्याकडे राहतो काही दिवस. तिला सोबत होईल." बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डबा भरून दिला.

आत्याने दारात त्याला गादीसकट पाहिलं. "हे काय रे?"

'तुझ्याकडे वारा चांगला येतो,' त्याने लिहिलं.

"खोटारडा," ती म्हणाली, पण बाजूला झाली.

त्याने बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवला, गादी अंथरली, खुर्चीवर आपला शर्ट टाकला. वाजवणारा आलाच तर त्याला खोली भरल्यासारखी दिसली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. दिवे लागायची वेळ झाली. आतल्या खोलीत सूर सुरू झाला. ढोलक्या पलंगावर दाराकडे तोंड करून बसला, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून, कारण बोटं आपोआप त्याच गाण्याचा ठेका धरायला लागली होती.