कपाटावर राहिलेले डोंगराचे बूट

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझा जुळा भाऊ. तो अबोल, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मित्रांनो, आमचा जन्म डोंगर चढण्यासाठी झाला. कारखान्यातल्या बाईने आमचं जाड कातडं दुहेरी शिवलं, खाली खाचांचा तळ चिकटवला आणि म्हणाली, "जा, दगडधोंडे तुडवा."

आम्हाला विकत घेतलं एका शिंप्याने. दिवसभर मशीनवर बसून त्याचं पोट सुटलं होतं. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर नेऊन तिथून आपलं घर दाखवीन, असा शब्द त्याने लेकीला दिला होता. पहिल्या दिवशी आमचं काय ते कौतुक! शेजारच्या काकूसुद्धा बघून गेल्या. मग शिंप्याने आम्हाला कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलं. "डोंगराचे बूट आहेत, डोंगरावरच घालायचे," म्हणाला.

इतर बूट आपले पराक्रम सांगतात. मी ऐन तारुण्यात फक्त छताचे पोपडे पाहिले. कधी गणवेशांची घाई, कधी लग्नाचे कपडे. रविवार पुढे ढकलला जायचा. लेक आधी दर शनिवारी विचारायची, "बाबा, उद्या जायचं?" मग अधूनमधून विचारू लागली. मग तिने विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं.

एकदा कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढताना शिंपी धापा टाकत आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसला. लेकीने गठ्ठा उचलला. "बाबा, मी मैत्रिणीच्या बाबांबरोबर जाईन डोंगरावर. तू दमू नकोस."

दुसऱ्या सकाळपासून तो सॅकमध्ये दुकानातली बंद पडलेली जड इस्त्री घालून जिना चढू-उतरू लागला. आधी दोन मजल्यांतच जीभ बाहेर यायची. हळूहळू तो न थांबता गच्चीपर्यंत जाऊ लागला. पण पायांत काय? चपला! तो फटक फटक आवाज ऐकून मी कपाटावर चरफडत होतो.

"चपलांनी डोंगर चढणार का?" बायकोने विचारलं.

"अगं, नवे बूट जिन्यावर कशाला झिजवायचे?"

अखेर रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी त्याने आम्हाला घालून पाहिलं, आणि जिन्यातच माझा तळ आ वासून सुटला. पडून पडून आतला गोंद सुकून गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक आधी खुदकन हसली, मग तिने सुटलेला तळ हाताने दाबून पाहिला.

"असू दे बाबा," एवढंच म्हणाली.

"असू कसं दे? दोनच रविवार थांब."

तो तसाच आम्हाला घेऊन चांभाराकडे गेला. आम्हा दोघांना नवे तळ लागले. आता तो रोज आम्हालाच घालून जिना चढू लागला. त्याच्या टाचांना फोड आले, बरे झाले. आमचं कातडं मऊ पडलं. लेकीचा काही भरवसा बसत नव्हता. पण एका सकाळी ती स्वतःचे बूट घालून दारात उभी राहिली. "मीपण येते जिना चढायला."

आणि ठरल्या रविवारी आम्ही माथा गाठला! शिंपी घामाने निथळत होता. डबा काढायला लेकीने सॅक उघडली आणि ओरडलीच, "बाबा! इस्त्री?"

डबा वरून ठेवून त्याने सवयीने सॅक पाठीवर घेतली होती; तळाची इस्त्री काढायची राहूनच गेली होती.

"तुझ्या फ्रॉकला सुरकुत्या पडल्या तर?" शिंपी म्हणाला. दोघं पोट धरून हसले. मग त्याने तिला बोटाने आपलं घर दाखवलं.

मित्रांनो, बूट काय नि शरीर काय, नुसतं जपून ठेवलं की आतून सुकतं. आम्हाला वापरा. चिखल लागला तर पुसा, भिजलो तर सावलीत वाळवा. एवढं केलंत तर आम्ही तुम्हाला दगा देणार नाही.

आता माझी जागा दाराशी आहे. काल शनिवार होता. लेक माझ्या नाडीची गाठ सोडवत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, उद्या जायचं?"