दोघांपैकी एक

त्या हिवाळ्यात आमच्या खाणीच्या गावात एकच वाद चालायचा: आर्वो भारी की डेल? आइस हॉकीत दोघंही बचावपटू, पण दोघांचाही जीव समोरच्या गोलात. मी त्यांचा गोलरक्षक, म्हणून कॉफीच्या दुकानात लोक मलाच धरायचे.

"रेमी, खरं सांग. डेलच ना?"

डेल प्रोकोपचुक विशीतला. काठीला चकती लागली की सुटायचा, मागे वळून बघायचा नाही. गोल त्याचेच जास्त. आर्वो लाइने पस्तिशीला टेकलेला. पुढे जाण्याआधी तो खांद्यावरून एकदा माझ्याकडे बघायचा. मागे कोणी नसेल तर जायचा नाही.

फेब्रुवारीत वरच्या श्रेणीतल्या संघाचा एक बचावपटू जायबंदी झाला. त्याच्या जागी माणूस निवडायला त्यांचा निरीक्षक आमच्या रविवारच्या सामन्याला आला. या बोलावण्याची वाट बघण्यात आर्वोची उमेदीची वर्षं सरली होती.

स्केटच्या नाड्या आवळताना डेल म्हणाला, "आजोबा, आज मागेच थांबा. गुडघ्यांना आराम."

"तू परत येत जा, म्हणजे मला थांबावं लागणार नाही," आर्वो म्हणाला. तो हसला नाही.

कोच मॅकइसाकनं दोघांना जोडीनंच उतरवलं. सुरुवातीलाच डेल सुटला, चकती घालवून बसला आणि समोरचे दोघे माझ्यावर चालून आले. आर्वोनं आडवं पडून फटका बरगडीवर घेतला. डेल मात्र सुटतच राहिला. शेवटच्या सत्रात आर्वोसमोर सगळा बर्फ मोकळा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. डेल अजून तिकडेच, दुसऱ्या टोकाला. आर्वोनं चकती दुसऱ्याला दिली आणि मागे सरकला.

आम्ही जिंकलो. दोन्ही गोल डेलचे.

कपडे बदलताना कोच आर्वोजवळ येऊन बसला. "डेलला नेतायत. तू मधली रेघसुद्धा ओलांडली नाहीस, म्हणाला निरीक्षक."

"कोणीतरी थांबायला हवं होतं."

"मला कळतं रे. त्याला गोल दिसतात."

बाहेर आर्वोची बायको सिल्वी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. सामना तिनं बघितला होता. आमचे चेहरे बघून तिनं निवडीचं विचारलं नाही.

"तू पुढे का गेला नाहीस, आर्वो?"

"रेमी एकटा पडला असता."

तिनं माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसती मान हलवली आणि पुन्हा काच खरवडू लागली.

डेल वरच टिकला. वसंतात आर्वोनं संघ सोडला आणि खाणीत लागला. वादही आपोआप मिटला. आर्वोचं नावच कोणी काढेना. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या घरामागचं तळं गोठलं, तेव्हा शेजारच्या पोरांना खेळायला त्यानं फावड्यानं वरचा बर्फ साफ करून दिला.

"तोही खेळतो का त्यांच्याशी?" मी सिल्वीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काम झालं की घरात येतो आणि पडदा ओढून घेतो."