दुसरं मशीन

बटण बोटाखाली गार लागत होतं — एसीच्या खोलीत सगळंच गार — आणि महिपतीला ते दाबवत नव्हतं. दाबलं की गेटपास काढणारं पहिलं मशीन, कंपनीचा सर्व्हर, बंद पडणार, आणि शेजारचं दुसरं, जे महिनाभर एका बारीक केबलमधून पहिल्याची नुसती चाहूल घेत बसलं होतं, ते चाहूल थांबताच सगळं काम आपल्याकडे ओढून घेणार. गेटवर टँकरचे पास निघतच राहणार. निदान कागदावर तसं होतं. चाचणीची वेळ साडेअकरा.

त्याने दाबलं.

पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली... दोन वर्षांपूर्वीही अशीच थांबली होती. तेव्हा मशीन एकच. ते बसलं, टँकर पार धाटावच्या रस्त्यापर्यंत खोळंबले, आणि सकाळीच पेणच्या दवाखान्यातून मेव्हण्याचा, प्रवीणचा फोन — भावजी, ताई तुमचं नाव घेते, लगेच निघा. निघतो, म्हणालो मी. एवढं चालू करतो आणि निघतो. चालू झालं तेव्हा चार वाजले होते. गाडी वाटेत कासूला थांबली तेव्हाही मी डोक्यात बॅकअपच तपासत होतो, आणि पुतळी तोवर गेली होती.

बायकोच्या तेराव्यानंतर तो कामावर आला तो दुसऱ्या मशीनचा अर्ज घेऊनच. साहेब विचारत, एवढी कसली घाई? कारण त्याने कधी सांगितलं नाही. अर्ज मात्र करत राहिला.

दुसऱ्या मशीनचा दिवा हिरवा झाला. पन्नास सेकंद लागले. त्याने गेटवर फोन लावला. तिथे पास देणारा दाजी, वीस वर्षांचा सोबती.

"दाजी, तिकडे काही अडलं का?"

"नाय बा. एक पास जरा उशिरा आला. का?"

"काही नाही. सहज."

झालं. कुणाला कळलंही नाही. आता तो केव्हाही उठून जाऊ शकत होता, आत्तासुद्धा, आणि पेणच्या बिऱ्हाडाला कुलूप होतं... या दिवसाची वाट आपण कुणासाठी पाहत होतो? दुसरं मशीन उठलंच नसतं तर बरं झालं असतं, तेव्हा थांबणं भागच होतं असं तरी म्हणता आलं असतं, असा विचार आला आणि तो दचकला.

तो चालत गेटवर गेला. दाजी शिक्के मारत होता.

"दाजी, त्या दिवशी मी जायला हवं होतं."

दाजीचा हात थांबला. आजवर सगळ्यांनी महिपतीला एकच सांगितलं होतं, तुझा इलाज नव्हता, कंपनीचं काम होतं. दाजीने त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "जायला पायजे होतं."

आणि पुढच्या ड्रायव्हरचा कागद घेतला.

राग येईल असं महिपतीला वाटलं, आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पुतळीच्या बाजूने बोललं होतं. छातीतून काहीतरी वर येत होतं, आणि या वेळी ते दाबायला त्याने कुठलं काम शोधलं नाही. उन्हात, टँकरच्या रांगेशेजारी, तो नुसता उभा राहिला.