गोड औषध

ताईंच्या पाळणाघरात तपासणी दारातच व्हायची. उलटा हात कपाळावर, मग मानेवर, शेवटी नाकावर एक नजर. सर्दी-ताप असला की मूल आल्या पावली परत.

"ताई, विमानतळावरसुद्धा एवढं तपासत नाहीत हो!" मुलांच्या आया कुरकुरायच्या.

ताईंचा नाइलाज होता. त्यांचा चार वर्षांचा नातू भोपळू तिथेच खेळायचा आणि त्याला दमा होता. इतरांचं नाक दोन दिवस वाहून थांबायचं. तीच सर्दी त्याच्या छातीत उतरली की श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या.

त्या सोमवारी धाकटी बहीण नातीला घेऊन आली. "लाव बाई तुझं थर्मामीटर," म्हणत तिने हसून पोरीला पुढे केलं. ताईंनी हात टेकवला. कपाळ गार होतं.

दुपारी पोरगी मलूल झाली. कपाळ तव्यासारखं तापलं, नाक वाहू लागलं. तोवर भोपळूच्या पेल्यातून तिचं पाणी पिऊनही झालं होतं.

ताईंनी फोन केला. "अगं, सकाळी तर ठणठणीत होती!" धाकटी म्हणाली. लहानपणी एका पांघरुणात झोपलेली बहीण. ताईंना संशय कसा यावा?

बुधवारी भोपळूचं पोट भात्यासारखं हलू लागलं. पंप झाला, पुन्हा पंप झाला, उतार पडेना. दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेलं पोर दोन दिवस ताईंचं बोट धरून पडलं होतं. "सर्दीच्या विषाणूमुळेच दम्याने उचल खाल्ली," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत."

पुढच्या आठवड्यात पोरगी बरी होऊन आली. ताई तिची वेणी घालत होत्या.

"मोठी आजी, आज मी गोड औषध नाही घेतलं. मागच्या वेळी आजीने दिलं होतं. म्हणाली, आता कपाळ गार लागेल, पण सांगायचं नाही."

ताईंच्या हातातली वेणी सुटली.

संध्याकाळी ताईंनी विचारल्यावर धाकटीने मान खाली घातली. "तू परत पाठवलं असतंस. मला कामावर जायचं होतं. साधी सर्दी तर होती गं."

"आतल्या खोलीत वेगळी ठेवली असती मी तिला. एकदा विचारायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी धाकटीने पोरीला दारात उभं केलं. ताईंचा हात उचललाच गेला नाही. बहिणीकडे न बघता त्या पोरीसमोर खाली बसल्या.

"सांग बाळा, आज घरी काय काय घेतलंस?"