पाचवा सेकंद

तिचं काम ऐकून माणसं म्हणायची, "घरबसल्या व्हिडिओ बघायचे नि पगार घ्यायचा? मजा आहे बुवा!" मजा कसली, दिवसाला सात हजार व्हिडिओ. लोकांनी टाकलेले, बरेवाईट सगळे. एकेकाला चार सेकंद. एंटर दाबलं की राहू दे, डिलीट दाबलं की हद्दपार. पाचवा सेकंद लागला की ऑफिसातल्या वरच्या बाईंचा निरोप हजर: "मॅडम, डोळा लागला का?"

वर्षभरात हात असा बसला की डोळ्यांआधी बोटच निकाल द्यायचं. पुस्तक उघडलं तर दुसऱ्या ओळीला मन उठून चालू लागायचं. नवऱ्याचं वाक्य संपायच्या आत हिचं "हं" तयार. "मलापण डिलीट करतेस की काय?" तो हसून विचारायचा.

दीड वर्षाच्या लेकीला सगळे खारूताई म्हणत, कारण हाती लागेल ते गालात. हिचा जीव सदा टांगणीला. लेक बाहेर सासूबाईंपाशी, ही बंद दाराआड, कानांवर हेडफोन. शेवटी बाहेरच्या खोलीत कॅमेरा लावला. हालचाल झाली की त्याचं चित्र हिच्या कामाच्या पडद्यावर उघडायचं, एंटर दाबलं की 'पाहिलं' अशी नोंद होऊन मिटायचं.

"माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही वाटतं?" सासूबाईंनी टोमणा मारलाच.

"तसं नाही हो आई. दोनापेक्षा चार बरे."

त्या सकाळी दूध उतू जाईल म्हणून सासूबाई आत गेल्या. पडद्यावर नाचणारा माणूस. एंटर. मारामारी. डिलीट. मांजर. एंटर. जमिनीवर बसलेलं मूल, तोंड उघडं, हात गळ्याशी. रक्त नाही, मारणारं कुणी नाही. एंटर. केक. एंटर. पोहणारी पोरं. एंटर.

आणि मग तिचं बोट थबकलं. त्या मुलाच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचे टाके, तिनेच घातलेले.

ती धावली तेव्हा सासूबाईंनी खारूताईला मांडीवर पालथं घातलं होतं. पाठीत तिसरी थाप बसली नि कुठलंसं बटण फरशीवर टणकन पडलं. पोरीचे ओठ जांभळे पडले होते. रडू फुटायला फार वेळ लागला.

संध्याकाळी सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. "माझंच चुकलं. उद्यापासून पोर माझ्याकडे देऊ नका."

"आई, दोन मिनिटं तर गेलीस," नवरा म्हणाला.

त्यावर गप्प बसणं सोपं होतं. पण तिला ते गिळवेना. "आई, तुमचं नाही चुकलं. मी बघितलं होतं," ती म्हणाली. "बघून पुढे गेले."

दोघांना कळेना. म्हणून तिने फोन आणला, कॅमेऱ्यातली सकाळची नोंद काढली. अकरा वाजून चौदा मिनिटं. शेजारी शब्द: 'पाहिलं'.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. या वेळी तो हसला नाही.

"लाव," तो म्हणाला.

तिने लावलं. आता तरी शेवटपर्यंत बघायचं, नजर हलवायची नाही, असं दात आवळून ठरवलं. पिवळा फ्रॉक. उघडं तोंड. गळ्याशी गेलेला इवलासा हात.

चौथ्या सेकंदाला तिच्या अंगठ्याने पडदा पुढे सरकवला.